लेव्हल कशानं काढायची? ऑटो, डिजिटल, लेझर, टोटल स्टेशन की जीएनएसएस

लेव्हलिंगसाठी, म्हणजे बिंदूंच्या उंचीतला फरक काढण्यासाठी, कुठलं यंत्र घेऊ, असं कोणी विचारलं की पाठोपाठ 'किती मिलिमीटरपर्यंत अचूक आहे?' हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारतो: रीडिंग चुकलं तर ते तुम्हाला कुठे कळणार? वहीत, पडद्यावर, की काँक्रीट घट्ट झाल्यावर? सगळीच यंत्रं कधी ना कधी चुकीचा आकडा देतात. काहींची चूक त्याच संध्याकाळी बेरजेत सापडते. काहींची चूक वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. निवड करताना मी आधी हे बघतो, माहितीपत्रकातला मिलिमीटर नंतर.

मूळ तत्त्व सगळीकडे एकच. लेव्हलचं यंत्र उंची मोजत नाही. ते फक्त एक आडवी रेषा देतं. जमीन त्या रेषेच्या किती खाली आहे, ते स्टाफवर, म्हणजे आकडे छापलेल्या उभ्या काठीवर, वाचायचं. उंची माहीत असलेल्या बेंचमार्कवर स्टाफ धरून घेतलेलं पहिलं रीडिंग म्हणजे बॅक साईट. बेंचमार्कच्या आरएलमध्ये, म्हणजे ठरलेल्या पातळीपासूनच्या उंचीत, ते मिळवलं की आडव्या रेषेची उंची मिळते. मग नव्या बिंदूवरचं रीडिंग त्यातून वजा करा, की त्या बिंदूचा आरएल आला. यंत्र उचलण्याआधीचं शेवटचं रीडिंग म्हणजे फोर साईट, आणि ते ज्या बिंदूवर घेतलं तो चेंज पॉइंट. हिशेब बेरीज-वजाबाकीचाच. गोची 'आडवी' या शब्दात आहे.

आधी अंतर, मग यंत्र

पृथ्वी गोल असल्यामुळे आडवी रेषा जसजशी लांब जाते तसतशी जमिनीच्या पातळीपासून वर उचलली जाते. हवेतलं वक्रीभवन ती थोडी खाली वाकवतं. दोन्हींचा एकत्रित परिणाम मीटरमध्ये सुमारे ०.०६७३ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग इतका येतो. ५० मीटरला ०.१७ मिलिमीटर, १०० मीटरला ०.६७ मिलिमीटर, पण एका किलोमीटरला ६७ मिलिमीटर. रोजच्या साइटवर हा आकडा किरकोळ आहे.

किरकोळ नसते ती यंत्राची स्वतःची चूक, म्हणजे कॉलिमेशन एरर. दृष्टीरेषा आडवी असायच्या ऐवजी केसभर वर किंवा खाली झुकलेली असते. वीस सेकंदांचा झुकाव (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) डोळ्याला दिसणं शक्यच नाही, पण १०० मीटरवर तो सुमारे १० मिलिमीटर होतो. यावरचा उपाय फुकट आहे. बॅक साईट आणि फोर साईट यांची अंतरं सारखी ठेवायची. मागच्या रीडिंगमध्ये जितकी चूक, तितकीच पुढच्यात, आणि वजाबाकीत दोन्ही उडून जातात. पृथ्वीची गोलाईही त्याच वजाबाकीत जाते. यंत्र बिघडलेलं असलं तरी फरक बरोबर निघतो.

म्हणून माझ्या लेखी यंत्रांचे दोन गट पडतात. जिथे सारखं अंतर ठेवून काम करता येतं ते, आणि जिथे कामाच्या स्वरूपामुळेच ते जमत नाही ते. दुसऱ्या गटातल्या यंत्रावर तुमचा विश्वास वेगळ्या कुठल्या तरी पुराव्यावर उभा राहायला हवा.

ऑटो लेव्हल विरुद्ध डिजिटल लेव्हल

बहुतेकांची खरी द्विधा इथेच असते, म्हणून यावर जरा थांबतो.

जुन्या डंपी लेव्हलमध्ये चार दिशांना फिरवून बबल मध्ये आणावा लागे. एक पाय जरा खचला की बबल सरकला, आणि ते लक्षात आलं नाही की रीडिंग गेलं. ऑटो लेव्हलनं ती कटकट संपवली. आत बारीक तारांवर लटकलेला कॉम्पेन्सेटर असतो. गोल बबल साधारण मध्ये आणला की उरलेला झुकाव तो लोलकासारखा स्वतः सांभाळतो. त्याची पोच बहुधा कोनाच्या १५ मिनिटांपर्यंत, म्हणजे पाव अंशापर्यंत असते. झाइसची एनआय-२ ही अशा यंत्रांची सुरुवात, १९५० सालची. आजची साइटवरची ऑटो लेव्हल म्हणजे त्याच कल्पनेची स्वस्त, दणकट नात.

डिजिटल लेव्हलमध्येही कॉम्पेन्सेटर तसाच असतो. फरक इतकाच, की डोळ्याच्या जागी कॅमेऱ्यासारखा सेन्सर येतो आणि आकड्यांच्या स्टाफऐवजी बारकोडचा स्टाफ. विल्डनं १९९० मध्ये एनए-२००० आणली, तिथून हे चालू झालं. बटण दाबलं की रीडिंगही येतं, अंतरही येतं, आणि दोन्ही नोंदले जातात.

कागदावर फरक मोठा दिसतो. साधी ऑटो लेव्हल एक किलोमीटर जाऊन-येऊन केलेल्या कामात दीड ते अडीच मिलिमीटरचं प्रमाण विचलन देते. डिजिटल लेव्हल इन्व्हारच्या, म्हणजे उन्हानं फारशा न लांबणाऱ्या मिश्रधातूच्या, स्टाफवर ०.३ मिलिमीटरपर्यंत जाते. पण 'इन्व्हारच्या स्टाफवर' हे शब्द नीट वाचा. तीच डिजिटल लेव्हल साध्या फायबरग्लासच्या बारकोड स्टाफवर लावली की प्रमाण एक मिलिमीटरच्या आसपास येतं. अचूकता यंत्रात जितकी आहे, तितकीच काठीत आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ४ मीटरचा स्टाफ तापमान २० अंशांनी चढलं की जवळजवळ १.८ मिलिमीटर लांबतो. तीन मीटरची इन्व्हारची पट्टी तेवढ्याच तापमानाला ०.१ मिलिमीटरही हलत नाही. गियोमनं १८९६ मध्ये निकेल आणि लोखंडाचा हा मिश्रधातू शोधला आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. ही पट्टी महाग असते, जपून न्यावी लागते आणि सरळ उभी धरायला टेकू लागतो. इमारत खचते का ते दर महिन्याला मोजायचं असेल तर तिला पर्याय नाही. पायाच्या खोदाईसाठी मात्र ती नेणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर वाळू तोलणं.

आता चूक कुठे दिसते ते पाहू. ऑटो लेव्हलवर चूक करणारा माणूस असतो आणि त्याच्या चुका ठरलेल्या असतात. १.४ च्या जागी १.५ वाचणं, दुर्बिणीत दिसणाऱ्या तीन आडव्या तारांपैकी (क्रॉस हेअर) मधलीऐवजी खालची तार वाचणं, १.३६५ वाचून वहीत १.३५६ लिहिणं. मी स्वतः एकदा सकाळभर खालच्याच तारेवर रीडिंग घेतली होती, ऊन डोळ्यांवर होतं म्हणून. ते कळलं तीन तारांमुळेच. शंका आली म्हणून वरची, मधली आणि खालची अशी तिन्ही वाचली. वरच्या आणि खालच्या तारेची सरासरी मधल्या तारेइतकी आलीच पाहिजे. माझं 'मधलं' त्यात कुठेच बसेना. चेंज पॉइंटवर तिन्ही तारा वाचण्याची सवय तेव्हापासून लागली. त्यातून अंतरही फुकट मिळतं: वरच्या आणि खालच्या तारेतला फरक गुणिले १००. मागचं आणि पुढचं अंतर सारखं आहे की नाही, ते वहीतच दिसतं.

डिजिटल लेव्हल हे सगळं पुसून टाकते. लिहिण्यातली चूक नाही, वाचण्यातली नाही, आणि मागच्या-पुढच्या अंतरांची बेरीज पडद्यावर हजर. दिवसभर चेंज पॉइंट टाकत लांब पल्ल्याचं काम करणाऱ्याचे डोळे वाचतात. चारनंतर थकलेला माणूस चुकतो, यंत्र थकत नाही. पण तिचे नखरेही आहेत. स्टाफवर झाडाच्या पानांची ठिपकेदार सावली पडली की रीडिंग येत नाही, किंवा खूप वेळ घेऊन येतं. तिला क्रॉस हेअरच्या वर-खाली बारकोडचा बराच पट्टा लागतो. माणूस फांद्यांमधून दोन सेंटीमीटरची फट मिळाली तरी वाचून मोकळा होतो. स्टाफच्या अगदी टोकाशी तिच्यावर भरवसा कमी ठेवावा. एका कंपनीच्या यंत्राला बहुधा दुसऱ्या कंपनीचा बारकोड कळत नाही, त्यामुळे स्टाफ मोडला तर काम थांबतं. आणि बॅटरी.

एक चूक दोन्ही यंत्रांना सारखीच, आणि ती दोन्हींतही दिसत नाही: स्टाफची. सरकत्या स्टाफचा दुसरा टप्पा पूर्ण वर ओढून 'टक्' आवाज आला नाही, तर त्यावरचं प्रत्येक रीडिंग तेवढ्यानं चुकतं. स्टाफ मागे-पुढे झुकला की रीडिंग नेहमी जास्तच येतं. दोन मीटरच्या रीडिंगला तीन अंश झुकला तर पावणेतीन मिलिमीटर. म्हणून स्टाफ हळू पुढे-मागे डोलवायला सांगतात आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा धरतात. डिजिटल लेव्हलला डोलणारा स्टाफ चालत नाही. तिथे स्टाफवरचा बबल नीट असणं हाच आधार. त्यामुळे ज्या साइटवर स्टाफ धरणारा माणूस रोज बदलतो, तिथे मी डोळे झाकून ऑटो लेव्हल सुचवतो. डिजिटलच्या सगळ्या गुणांवर एक नवखा हात पाणी फिरवू शकतो.

वही कशी ठेवायची: एचआय की राइज-फॉल

ऑटो लेव्हल घेतली की पुढचा वाद हा. कॉलिमेशन पद्धत, जिला साइटवर सगळे एचआय (आडव्या रेषेची उंची) म्हणतात, आणि राइज-फॉल, म्हणजे लागोपाठच्या बिंदूंमधला चढ-उतार. याबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की आकडे मांडूनच दाखवतो.

बेंचमार्कचा आरएल १००.०००. त्यावर बॅक साईट १.४२५, म्हणून एचआय १०१.४२५. पहिल्या बिंदूवर इंटरमीडिएट, म्हणजे बॅक साईट आणि फोर साईटच्या मधलं रीडिंग, १.८६०, म्हणजे आरएल ९९.५६५. दुसऱ्यावर २.१०५, म्हणजे ९९.३२०. चेंज पॉइंटवर फोर साईट ०.९८५, म्हणजे १००.४४०. यंत्र हलवलं. चेंज पॉइंटवर बॅक साईट १.६१०, नवा एचआय १०२.०५०. तिसऱ्या बिंदूवर ०.७४०, म्हणजे १०१.३१०. शेवटच्या बिंदूवर फोर साईट १.२७५, म्हणजे १००.७७५.

तपासणी: बॅक साईटची बेरीज ३.०३५, फोर साईटची २.२६०, फरक ०.७७५. शेवटचा आरएल वजा पहिला, तोही ०.७७५. जमलं.

आता समजा पहिल्या बिंदूची वजाबाकी करताना ९९.५६५ ऐवजी ९९.६५५ लिहिलं गेलं. एचआयची तपासणी तरीही ०.७७५ च दाखवते, कारण त्या बेरजेत इंटरमीडिएटचा आरएल कुठे येतच नाही. ९० मिलिमीटरची चूक आणि वही म्हणते सगळं ठीक. राइज-फॉलमध्ये प्रत्येक बिंदूचा आरएल आधीच्या बिंदूवरून निघतो. १.४२५ ते १.८६० हा फॉल ०.४३५, पुढे ०.२४५ चा फॉल, मग १.१२० चा राइज, ०.८७० चा राइज आणि शेवटी ०.५३५ चा फॉल. राइजची बेरीज १.९९०, फॉलची १.२१५, फरक पुन्हा ०.७७५. मधल्या एका आरएलमध्ये चूक झाली तर ती पुढे वाहत शेवटच्या आरएलपर्यंत जाते आणि पकडली जाते.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण म्हणून 'राइज-फॉलमध्ये इंटरमीडिएटही तपासली जातात' असं जे ऐकू येतं, ते अर्धवट आहे. समजा दुर्बिणीतूनच १.८६० ऐवजी १.९६० वाचलं. मग पहिला फॉल ०.५३५ होतो आणि दुसरा ०.१४५. एक वाढला तितका दुसरा कमी झाला, बेरीज तीच. पहिल्या बिंदूचा आरएल १०० मिलिमीटरनं चुकला आणि तिन्ही तपासण्या बिनबोभाट पास. राइज-फॉल हिशेबातली चूक पकडते, वाचण्यातली नाही. इंटरमीडिएट चुकीचं वाचलं तर ते जगातली कुठलीही वही दाखवणार नाही. महत्त्वाचा बिंदू असेल तर त्यावर दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा रीडिंग घ्या.

मग निवड? शे-दोनशे इंटरमीडिएट असलेला आडवा छेद किंवा जमिनीचा ग्रिड असेल तर एचआय. ती वेगवान आहे, आणि साइटवर उभ्या उभ्या 'इथे किती भराव?' याचं उत्तर एका वजाबाकीत देता येतं. एचआयलाही एक लांबची तपासणी आहे: प्रत्येक एचआय गुणिले त्यावरून काढलेल्या आरएलची संख्या, त्यांची बेरीज, त्यातून सगळ्या इंटरमीडिएट आणि फोर साईटची बेरीज वजा. ती पहिला आरएल सोडून बाकी आरएलच्या बेरजेइतकी यावी. वरच्या उदाहरणात ५०८.३७५ वजा ६.९६५, म्हणजे ५०१.४१०. आरएलची बेरीजही तितकीच येते. वही कॉम्प्युटरवर टाकणार असाल तर हे सूत्र एकदा घालून ठेवा. हातानं वही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं मात्र आधी राइज-फॉल शिकावी. जमीन कुठे चढली, कुठे उतरली, ते तिच्यात वाचता येतं.

फिरतं लेझर

एकटा माणूस, हातात रिसीव्हर, 'बीप' लांबला की लेव्हल. स्लॅबसाठी, प्लिंथसाठी, फ्लोअरिंगसाठी याच्याइतकं सोयीचं काही नाही. यंत्र मध्ये फिरत असतं आणि चार जण चार कोपऱ्यांत आपापल्या रिसीव्हरनं काम करतात. साधारण लेझर दहा सेकंदांपर्यंत आडवं असतं, म्हणजे १०० मीटरवर पाच मिलिमीटर. ३० मीटरच्या आत ते दीड मिलिमीटर, आणि बांधकामाला तेवढं पुरतं.

पण इथे वही नाही, क्लोजिंग (माहीत असलेल्या बिंदूवर परत येऊन जुळवणं) नाही, आणि अंतर सारखं ठेवणं फार थोड्यांच्या डोक्यात असतं. एका साइटवर ४० मीटर लांबीच्या हॉलमध्ये लेझर एका कोपऱ्यात लावलं होतं, कारण तिथे कोणाच्या पायात येत नव्हतं. यंत्र आधी कधीतरी पडलेलं, आणि हे सांगायला कोणी तयार नव्हतं. समोरच्या भिंतीशी फरसबंदी १२ मिलिमीटर वर गेली. ऑटो लेव्हल लावली तेव्हा ते उघड झालं, तोवर फरशी बसली होती.

लेझरचा किरण सगळीकडे सारखाच वर उचलला गेला असेल, तर तो सपाट चकतीच्या ऐवजी उथळ शंकू रेखतो. यंत्र हॉलच्या मध्यावर असतं तर दोन्ही टोकं सारख्या अंतरावर आली असती आणि ही चूक टोकांमध्ये दिसलीही नसती, उरलीही नसती. चकतीच एका बाजूला कललेली असेल तर मात्र मध्यावर ठेवूनही सुटका नाही, कारण एक टोक वर आणि दुसरं खाली जातं. म्हणून लेझर वापरणार असाल तर दोन गोष्टी. जागा शक्यतो मध्यावरची. आणि एका लांबच्या भिंतीवर खूण करून, यंत्र तिथेच अर्धा फेरा फिरवून पुन्हा खूण करायची. मग पाव फेरा फिरवून दुसऱ्या अक्षासाठीही तसंच. खुणा जुळल्या नाहीत तर त्यांच्यातल्या अंतराची निम्मी चूक यंत्राची. ही परीक्षा कललेली चकती पकडते. शंकू पकडायला शेवटी सांगितलेली दोन खुंट्यांची परीक्षाच लागते.

टोटल स्टेशन

उतारावर ऑटो लेव्हल रडकुंडीला आणते. यंत्राची उंची दीड मीटर, स्टाफ चार मीटर. एका ठिकाणाहून जास्तीत जास्त अडीच-तीन मीटर चढ मिळतो. साठ मीटरचा डोंगर चढायला वीसच्या वर चेंज पॉइंट, तेही निसरड्या जागी. टोटल स्टेशन हे काम एका नजरेत करतं: अंतर मोजतं, उभा कोन मोजतं आणि त्रिकोणमितीनं फरक काढतं. दोन सेकंदांचं यंत्र ३०० मीटरवर कोनामुळे सुमारे तीन मिलिमीटर चुकतं, पाच सेकंदांचं सात.

इथे सारखं अंतर क्वचितच मिळतं, म्हणून पुरावा दुसरा शोधायचा. दोन्ही फेसवर, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून, कोन घ्या, म्हणजे उभ्या वर्तुळाची चूक सरासरीत जाते. ३०० मीटरवर गोलाई आणि वक्रीभवन मिळून सहा मिलिमीटर होतात. यंत्र ते आपोआप काढतं, पण सेटिंग चालू असेल तरच. बंद ठेवलेलं मी पाहिलेलं आहे. आणि यंत्राची उंची टेपनं तिरकी मोजली की तीन-चार मिलिमीटर गेलेच. त्यावर युक्ती अशी, की यंत्राची उंची मोजायचीच नाही. बेंचमार्कवर आणि नव्या बिंदूवर एकाच उंचीचा प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) धरा. दोन्ही उंच्या वजाबाकीत उडतात, जशा लेव्हलमध्ये उडतात तशाच. दोन्ही नजरा साधारण सारख्या लांबीच्या ठेवल्या तर बाकीचंही बरंचसं उडतं.

जीएनएसएस

जीएनएसएस म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणं. त्यात आरटीके, म्हणजे दुसऱ्या रिसीव्हरकडून जागच्या जागी दुरुस्ती घेणारा रिसीव्हर आला आणि अनेकांनी लेव्हल माळ्यावर टाकली. तसं करू नये. चांगल्या आरटीकेच्या उभ्या अचूकतेचा आकडा साधारण १५ मिलिमीटर अधिक किलोमीटरला एक मिलिमीटर असा दिलेला असतो, आणि तो उघड्या आकाशाखालचा असतो. हे प्रमाण विचलन आहे, म्हणजे दर तीन रीडिंगांतलं एक याच्या बाहेर जाणारच. दोन बिंदूंमधला फरक काढला की ते २१ मिलिमीटर होतं. दोनशेला एक उताराची १२ मीटर पाइपलाइन एकूण ६० मिलिमीटर उतरते. २१ मिलिमीटरची अनिश्चितता घेऊन तिचा उतार लावला तर पाणी कुठे तुंबेल ते नशिबावर.

दुसरा घोळ जास्त खोल आहे. उपग्रह जी उंची देतात ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. दोन्हींतला फरक जिऑइडच्या, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालूनही चालू धरल्यावर होणाऱ्या पृष्ठभागाच्या, मॉडेलमधून येतो, आणि तो जगभर सारखा नाही. हिंदी महासागरात भारताच्या दक्षिणेला जिऑइड लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे. एका साइटवर सगळीकडे सारखाच फरक धरला तर लहान क्षेत्रात चालून जातं, दहा किलोमीटरच्या रेषेवर चालेलच असं नाही. पाणी जिऑइडप्रमाणे वाहतं, लंबगोलाप्रमाणे नाही.

जीएनएसएसची चूक पडद्यावर दिसत नाही. 'फिक्स' (जागा पक्की झाली) असं लिहिलेलं असतं आणि आकडे तीन दशांशापर्यंत सुबक असतात. झाडाखाली किंवा उंच भिंतीशेजारी परावर्तित लहरींनी तो फिक्स खोटाही निघतो. म्हणून काम सुरू करताना आणि संपवताना माहीत असलेल्या बेंचमार्कवर काठी टेकवायची, आणि महत्त्वाचे बिंदू दोन-तीन तासांनी, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, पुन्हा घ्यायचे. त्याचा मोठा गुण मात्र मान्य करायलाच हवा. त्याची चूक लेव्हलसारखी चेंज पॉइंटमागून चेंज पॉइंट साचत जात नाही. ५० मीटरच्या नजरा धरल्या तर दहा किलोमीटर लेव्हल न्यायला १०० वेळा यंत्र लावावं लागतं, जाऊन-येऊन २००. अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा हवा असेल तर एवढा घाम गाळायचं कारण नाही.

आणि पाण्याची नळी

हसू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना खूण करणं ही अजूनही एका मजल्याच्या आतली सर्वांत भरवशाची रीत आहे. भिंतीआडून, खांबामागून, दुसऱ्या खोलीत पातळी नेता येते. नजर लागतच नाही. बुडबुडे काढून टाका आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा, अंगठा ठेवून विसरू नका. एक उभा भाग उन्हात आणि दुसरा सावलीत नको: पाणी २० वरून ४० अंशांवर गेलं की सुमारे ०.६ टक्के हलकं होतं, आणि एक मीटर उंचीच्या पाण्यात तो फरक सहा मिलिमीटर होतो. मग टोकांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा.

मी असतो तर

एक-दोन इमारतींची साइट, रस्ता, गटार, कालवा: ऑटो लेव्हल, २४ किंवा ३२ पटीची, आणि बरा स्टाफ. पैसे उरले तर यंत्र वरचं घेण्यापेक्षा स्टाफ, ट्रायपॉड आणि चेंज प्लेट (चेंज पॉइंटवर स्टाफखाली ठेवायची) चांगली घ्या. मऊ मातीत बॅक साईट आणि फोर साईटच्या मधल्या वेळात स्टाफ खचला, तर कुठलीही दुर्बीण उपयोगाची नाही. त्याच साइटवर स्लॅब रोज असतील तर जोडीला लेझर, पण त्याची परीक्षा त्याच ऑटो लेव्हलनं. किलोमीटरच्या किलोमीटर रेषा नेण्याचं काम वर्षभर असेल, किंवा खचण्याची देखरेख करायची असेल, तर डिजिटल. ती अधूनमधून लागणार असेल तर भाड्यानं आणा. डोंगराळ आखणीला टोटल स्टेशन. मोठ्या उघड्या माळाला जीएनएसएस, आणि त्याच्या दोन-चार बिंदूंना ऑटो लेव्हलनं जोडून ठेवलेले बेंचमार्क.

लेव्हलच्या फेरीला एक निकष लावा. सर्वसाधारण कामाला फेरी बंद करताना मिलिमीटरमध्ये १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, इतका फरक बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात. चार किलोमीटरच्या फेरीला २४. त्याच्या आत आला तर चेंज पॉइंटांत वाटून टाका. बाहेर गेला तर वाटू नका, पुन्हा जा.

यंत्र नवं घ्या की जुनं, ताब्यात घेण्याआधी दुकानदाराच्या अंगणात अर्धा तास मागून घ्या. आधी दुर्बिणीत क्रॉस हेअर स्पष्ट दिसेल असा फोकस करा, मग स्टाफ. डोळा वर-खाली करून तार स्टाफवर सरकते का ते बघा. ऑटो लेव्हलच्या ट्रायपॉडला हलकी टिचकी मारा. तार थरथरून नेमकी त्याच आकड्यावर परत बसली पाहिजे. नाही बसली तर कॉम्पेन्सेटर अडकतोय, पुढे काही बघायची गरज नाही.

बसली तर ६० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका, अ आणि ब. यंत्र नेमकं मध्यावर. अ वर १.५२४ आणि ब वर १.३१० आलं, तर खरा फरक ०.२१४. यंत्र कितीही चुकत असलं तरी हा बरोबर आहे, कारण अंतरं सारखी आहेत. आता यंत्र ब च्या पलीकडे तीन मीटरवर लावा. ब वर १.४०२ आलं, तर अ वर १.६१६ यायला हवं. १.६२२ आलं, म्हणजे ६० मीटरच्या फरकाला सहा मिलिमीटर, दर दहा मीटरला एक. एवढं असेल तर यंत्र दुकानदाराकडून दुरुस्त करून, हीच परीक्षा त्याच्यासमोर पुन्हा करून मगच घ्या. दोन मिलिमीटरच्या आत असेल तर ट्रायपॉडचे स्क्रू घट्ट करा आणि पेटी उचला.